लिंबू-कोथिंबीर भात

लिंबू-कोथिंबीर भात म्हणजे भरपूर कोथिंबीर, हिरवी मिरची, लिंबाची किसलेली साल आणि रस घातलेला मोकळा पांढरा भात. हा पोटभरीचा नाही, ताटात बाजूला मूदभर वाढायचा. कर्नाटकातलं चित्रान्न आणि तमिळनाडूतला एलुमिच्चै सादम हे याचे जवळचे नातेवाईक, पण त्यांच्यात हळद, मोहरी, डाळी, शेंगदाणे यांचा जोर असतो आणि कोथिंबीर असली तर वरून भुरभुरवण्यापुरती, इथे सगळा मामला कोथिंबिरीचाच. अमेरिकेत १९९३ला डेन्व्हरमधे सुरू झालेल्या चिपोटले या रेस्टॉरंटांच्या साखळीमुळे असाच एक भात तिकडे घरोघरी माहीत झाला, त्यात फोडणी नसते. इराणमधे नवरोजला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, माशाबरोबर करतात तो सब्जी पोलो म्हणजे पालेभाज्या भातातच शिजवलेला, तो वेगळा प्रकार.

बडोद्यात हा भात करायचा खरा सीझन थंडी. सयाजीराव तिसऱ्यांच्या काळात १९०६ साली बांधलेल्या खंडेराव मार्केटला तेव्हा कोथिंबिरीचे ढीग लागलेले असतात, भाजी जरा जास्त घेतली की चार काड्या आणि दोन मिरच्या पिशवीत तशाच पडतात. उन्हाळ्यात उलटं, कोथिंबीर दुपारपर्यंत मान टाकते आणि लिंबाचा भाव ऐकून साधा वरणभातच बरा वाटतो.

तांदूळ कोलम किंवा जुना बासमती घ्यावा, आंबेमोहोर नको, वास छान पण चिकट होतो. एक वाटी तांदूळ धुऊन वीसेक मिनिटं भिजवायचा आणि मोकळ्या पातेल्यात भरपूर पाण्यात मीठ, चमचाभर तेल, लिंबाचे चार थेंब टाकून शिजवायचा. आंबटपणाने दाणा पांढरा राहतो आणि फुटत नाही. कणी जेमतेम मोडली की चाळणीत ओतून परातीत पसरून वाफ जाऊ द्यायची. कुकरमधे पण होतो, पण मग मोकळा नाही झाला म्हणून तक्रार करायची नाही. तुपाची फोडणी, त्यात जिरं, हिंग, चिरलेली मिरची बस, हळद अजिबात नको, हिरवा-पांढरा रंगच तर बघायचाय. कोथिंबीर अर्धी जुडी, कोवळ्या देठांसकट, कारण देठात चव पानाइतकीच असते आणि लोक नेमके तेच फेकतात.

सगळी गोम आहे ती क्रमात. कोथिंबिरीतल्या हरितद्रव्यात मॅग्नेशियम असतं, गरम आणि आंबट एकत्र आलं की ते सुटतं आणि हिरवा रंग शेवाळी मातकट होतो, शिवाय लिंबाचा वास हा उडून जाणाऱ्या तेलांचा असतो, आचेवर गेला की खाली नुसता आंबटपणा उरतो. म्हणून गॅस बंद, भात कोमट, आधी साल, मग रस, आणि कोथिंबीर अगदी पानं घ्यायच्या वेळी. साल किसताना फक्त वरची रंगीत, खालच्या पांढऱ्या भागापर्यंत गेलात की कडू. एका वाटीला एक मध्यम कागदी लिंबू पुरतं, बडोद्याच्या घरात चिमूटभर साखर पडतेच आणि इथे ती चालते, आंबट गोल होतो. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात मात्र हा भात ठेवू नये, लिंबाने धातू उतरतो.

सोबत काय हा वादाचा विषय. गुजराती कढीबरोबर वाढतात खरं, पण आंबटावर आंबट कशाला, त्यापेक्षा बटाट्याचा तिखट रस्सा किंवा मटारची उसळ घ्या. पाहुण्यांत एखाद्याला कोथिंबीर साबणासारखी लागते, त्यामागे वासाचं एक जनुकही आहे, त्याच्यापुरता भात आधीच बाजूला काढून ठेवावा.

उरला तर ओट्यावर रात्रभर ठेवायचा नाही, शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढतो आणि त्याचं विष परत गरम करून पण जात नाही. तास-दीड तासात फ्रिजमधे टाकावा, दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून चांगला वाफवावा आणि कोथिंबीर ताजी घ्यावी, कालची काळी पडलेली असते.