शेगडी-भट्टी संयुक्त तापन

शेगडी-भट्टी संयुक्त तापन : थंड हवामानातील लहान घर ऊबदार ठेवण्यासाठी लाकूड जाळणारी बंदिस्त शेगडी आणि मध्यवर्ती भट्टी ही दोन्ही साधने एकत्र वापरण्याची पद्धती. शेगडी बसा-उठायच्या खोलीत असते व तिची उष्णता मुख्यतः प्रारणाने पसरते. भट्टी बहुधा तळघरात असते, वायू, तेल किंवा विजेवर चालते आणि तिचा पंखा तापलेली हवा पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत पोचवतो. रोजचा भार शेगडीवर आणि कडाक्याच्या रात्रीचा किंवा घर बंद असतानाचा भार भट्टीवर, अशी वाटणी रूढ आहे.

उगम : दोन्ही साधनांची परंपरा वेगवेगळी आहे. एका ठिकाणी जाळ करून दुसरीकडे ऊब नेण्याचे श्रेय पूर्वी रोमन व्यावसायिक सर्जियस ओराटा (इ. स. पू. पहिले शतक) यांना देत असत. मात्र ग्रीक स्नानगृहांच्या अवशेषांत जमिनीखालून तापवण्याची व्यवस्था त्याआधीची आढळल्यामुळे, ओराटा यांनी ती शोधली नसून तिचा प्रसार केला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शेगडीच्या बाजूने पाहता जर्मन भाषिक प्रदेशातील ओतीव लोखंडाच्या पाच पाट्यांची शेगडी महत्त्वाची आहे. ती भिंतीत बसवलेली असे. तिचे तोंड पलीकडच्या स्वयंपाकघरात उघडे, त्यामुळे जाळ व धूर तिकडे राही आणि ऊब इकडे मिळे. अमेरिकी संशोधक व मुत्सद्दी बेंजामिन फ्रँक्लिन यांची शेगडी सामान्यतः १७४२ ची मानतात, कारण त्यांनी स्वतःच ते वर्ष दिले आहे. काही अभ्यासक मात्र ती एक-दोन वर्षे मागे नेतात. तिचे सविस्तर वर्णन १७४४ मधील पुस्तिकेत आले आणि फ्रँक्लिन यांनी तिचे एकस्व (पेटंट) घेण्यास नकार दिला, एवढे निश्चित आहे. तिच्यात धूर आधी खाली उतरून मग वर चढावा लागे, म्हणून ओढ (धूर वर खेचला जाण्याचा जोर) मंद पडे. पुढे या रचनेत सुधारणा झाल्या. भट्टीच्या इतिहासात अमेरिकी संशोधिका ॲलिस पार्कर यांना १९१९ मध्ये मिळालेले वायुभट्टीचे अमेरिकी एकस्व उल्लेखनीय आहे, पण मध्यवर्ती तापनाचे जनकत्वच त्यांना देणे अतिशयोक्तीचे होईल. दोन्ही साधने एकाच घरात मुद्दाम जोडीने वापरणे उत्तर अमेरिकेत १९७३ च्या तेलसंकटानंतर विशेष वाढले.

उष्णतेचे वहन : या विषयातील मुख्य मतभेद एकच आहे. शेगडीची ऊब भट्टीच्या पंख्याने घरभर फिरवता येते का? वरवर पाहता भट्टी न पेटवता नुसता पंखा चालू ठेवला की काम व्हावे, परंतु हिशेब वेगळे सांगतो. एक घनमीटर हवा एक अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे १·२ किलोज्यूल उष्णता लागते. शेगडीची खोली २५° से. व बाकीचे घर २०° से. असेल, तर केवळ २ किलोवॉट उष्णता पलीकडे न्यायला तासाला सुमारे १,२०० घनमीटर हवा हलवावी लागेल. भट्टी मात्र हवा ५०° से. पर्यंत तापवत असल्याने तेवढ्याच प्रवाहातून सुमारे १२ किलोवॉट पोचवते. शिवाय नळ थंड तळघरातून किंवा माळ्यावरून जात असतील, तर कोमट हवेची उरलीसुरली ऊब वाटेतच जाते आणि झरोक्यातून येणारा झोत अंगाला गारच लागतो. म्हणून लहान घरात नळांच्या भरवशावर न राहता दारात जमिनीलगत छोटा पंखा ठेवून थंड हवा शेगडीकडे ढकलावी, हा मार्ग श्रेयस्कर ठरतो. गरम हवा छताखालून आपोआप परत फिरते.

ओढ व धोका : पाच मीटर उंच धुराड्यात वायूंचे सरासरी तापमान २००° से. आणि बाहेर ०° से. असताना ओढ सुमारे २५ पास्कल (दाबाचे एकक) भरते. निखारे विझत आले व धूरनळी ६०° से. वर उतरली, की ती जेमतेम ११ पास्कल उरते, आणि कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे प्रमाण जास्त असते ते नेमके याच वेळी. भट्टीची परत-हवा घेणारी जाळी शेगडीशेजारी असेल, तर पंखा सुरू होताच खोलीतील दाब घटून धूर उलटा येऊ शकतो. म्हणून अमेरिकी आदर्श बांधकाम संहितांत ही जाळी त्याच खोलीतील ज्वलनकक्षापासून निदान १० फूट दूर ठेवण्याचा दंडक आहे. शेगडी आणि वायूवरील भट्टी एकाच धूरमार्गाला जोडू नयेत. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र अशा घरात अनिवार्यच समजावे.

थर्मोस्टॅट : शेगडीच्या खोलीत लावलेला थर्मोस्टॅट (तापमानानुसार भट्टी आपोआप चालू-बंद करणारे साधन) तिथल्या उबेला फसतो. शेगडी रात्रभर धगधगते, भट्टी पेटतच नाही आणि लांबच्या न्हाणीघरातला पाण्याचा नळ गोठून फुटतो. उपाय साधा आहे. थर्मोस्टॅट झोपण्याच्या खोल्यांकडील बोळात न्यावा आणि सुमारे १६° से. वर ठेवावा, म्हणजे शेगडी मंदावल्यावर भट्टी आपसूक पुढे होते. तरीही न तापवलेल्या तळघरातील पाण्याच्या नळांना वेगळे वेष्टन लागतेच, कारण भट्टी थांबली की तळघरही थंडावते.

आकार व इंधन : नीट उष्णतारोधन केलेल्या लहान घराची गरज बऱ्याचदा ३ ते ६ किलोवॉटच असते. सुमारे २० टक्के ओलावा असलेल्या एक किलोग्रॅम लाकडात अंदाजे ४ किलोवॉट-तास ऊर्जा असते व चांगल्या शेगडीतून तीपैकी ३ हाती लागते, म्हणजे तासाला एक ते दोन किलो लाकूड पुरते. गरजेपेक्षा मोठी शेगडी घेतली, की उकाडा नको म्हणून हवेची झडप आवळली जाते, लाकूड धुमसते आणि धूरनळीत क्रिओसोटचा डांबरी थर साचतो. हा थर पेटल्यास धुराड्यातील तापमान १,०००° से. च्याही वर जाऊ शकते. थंडीच्या काळात धुराड्याची तपासणी व सफाई त्यासाठीच आवश्यक असते.

अन्य रचना : काही ठिकाणी शेगडीऐवजी लाकडाची दुसरी भट्टी मूळ भट्टीच्या नळांना जोडतात. हवा उलटी शिरू नये म्हणून अशा जोडणीत एकदिशा झडपा लागतात. वीज गेल्यावर पंखा थांबतो पण लाकूड जळतच राहते, तेव्हा साठणाऱ्या उष्णतेला वाट ठेवावी लागते. सुट्या शेगडीला हा प्रश्न येत नाही.