'प्रिल्योत'चं काय करायचं: युक्रेनच्या दस्तऐवजी रंगभूमीची पार्श्वभूमी

युक्रेनमध्ये गेल्या दहा-बारा वर्षांत जी दस्तऐवजी नाटकं झाली, त्यांत रणांगणापेक्षा स्वयंपाकघर, तळघर, तपासणी नाक्यावर थांबलेली बस आणि शाळेचा वर्ग जास्त दिसतो. माणसांशी बोलायचं, ते ध्वनिमुद्रित करायचं आणि बोललेलं वाक्य तसंच्या तसं रंगमंचावर आणायचं, हा या नाटकांचा मूळ नियम. बहुतेक वादही या 'तसंच्या तसं'पाशीच अडकलेले आहेत. शीर्षकातला 'प्रिल्योत', म्हणजे क्षेपणास्त्र किंवा ड्रोन येऊन आदळणं, हा अशाच वादातला एक शब्द.

मूळ शोधायचं तर १९२०च्या दशकापर्यंत मागे जायचा प्रघात आहे. १९२२ मध्ये कीवमध्ये सुरू झालेली आणि १९२६ मध्ये तेव्हाच्या राजधानीत, खार्कीवला, हललेली एक प्रयोगशील नाट्यसंस्था त्यासाठी पुढे केली जाते. तिच्या संस्थापक-दिग्दर्शकाला नोव्हेंबर १९३७ मध्ये करेलियातल्या सांदार्मोखच्या जंगलात गोळ्या घालण्यात आल्या आणि तो धागा तुटला. त्या परंपरेचा अभिमान रास्तच आहे. पण मुलाखतीतून संहिता बांधायची पद्धत तिथून आलेली नाही.

ती आली लंडनहून, आणि आज सांगायला अवघड वाटतं, पण मॉस्कोमार्गे. १९९९-२००० च्या सुमारास लंडनच्या एका नाट्यगृहाने मॉस्कोत कार्यशाळा घेतल्या. त्यातून 'वर्बॅटिम', म्हणजे शब्दशः, हे तंत्र रुजलं आणि २००२ मध्ये मॉस्कोतल्या एका तळघरात या प्रकाराला वाहिलेलं छोटं नाट्यगृह उभं राहिलं. त्या काळात युक्रेनचे बरेच तरुण नाटककार रशियन भाषेत लिहीत होते आणि त्यांची नाटकं मॉस्कोच्या महोत्सवांत वाचली जात होती. २०११ पासून कीवमध्ये नव्या नाटकांच्या अभिवाचनांचा वार्षिक आठवडा सुरू झाला आणि हळूहळू वजन इकडे सरकू लागलं. आता काही जण मधला टप्पा वगळून थेट लंडनशी नातं सांगतात. भावना समजण्याजोगी आहे, पण तारखा तसं सांगत नाहीत.

खरी सुरुवात नोव्हेंबर २०१३ ते फेब्रुवारी २०१४ या हिवाळ्यात झाली. कीवच्या 'मैदान' नावाच्या चौकात सरकारविरोधी आंदोलन चालू असतानाच तिथल्या माणसांची बोलणी ध्वनिमुद्रित केली गेली आणि २०१४ मध्येच त्यातून बांधलेलं नाटक शहरातल्या एका मोठ्या राष्ट्रीय नाट्यगृहात आलं. तोवर हा प्रकार तळघरांपुरता होता. लाल मखमलीच्या खुर्च्यांसमोर तो प्रथमच मोठ्या थाटात उभा राहिला.

त्याच वर्षी पूर्वेला रशियाचा पाठिंबा असलेल्या फुटीरतावाद्यांशी युद्ध पेटलं. दोनेत्स्क आणि लुहान्स्क भागांतून निघालेल्या विस्थापितांची सरकारी नोंद २०१५ च्या अखेरीपर्यंत १६ लाखांच्या आसपास पोहोचली. लुहान्स्कचं युक्रेनी नाट्यगृहही सेव्हेरोदोनेत्स्कला हललं, आणि २०२२ च्या मोठ्या रशियन आक्रमणात तिथूनही त्याला निघावं लागलं. २०१५ मध्ये कीवमध्ये एक नाटककार, एक जर्मन दिग्दर्शक आणि एक मानसशास्त्रज्ञ यांनी मिळून विस्थापितांसाठी रंगमंच सुरू केला. मानसशास्त्रज्ञ तिथे नावापुरता नव्हता, तालमीचाच भाग होता. आणि इथेच पद्धतीत मोठा फरक पडला. वर्बॅटिममध्ये मुलाखत एकाची असते आणि बोलतो नट. इथे ज्याच्यावर प्रसंग गुदरला तोच प्रेक्षकांसमोर उभा राहून बोलू लागला.

मराठीत या दोन्हींना आपण सरसकट 'दस्तऐवजी' म्हणतो. 'माहितीपट'वरून 'माहितीनाट्य' हा शब्दही कुणी सुचवेल, पण माहिती देणं हा यांचा हेतूच नाही. 'जबानी' सर्वांत जवळचा, फक्त त्याला पोलीस चौकीचा वास येतो. पहिल्या प्रकाराला शब्दशः नाटक आणि दुसऱ्याला साक्षीचं नाटक म्हटलं तर निदान गोंधळ होत नाही.

साक्षीच्या नाटकाचं ठळक उदाहरण दोनेत्स्क भागातल्या मिकोलायिव्का या गावातलं. जुलै २०१४ च्या लढाईत तिथल्या शाळेची मोडतोड झाली, नंतर ती दुरुस्त झाली, आणि त्या शाळेतल्या मुलांनी आपापल्या गोष्टी सांगत नाटक केलं. त्यावरून पुढे चित्रपट झाला आणि २०१७ च्या बर्लिन महोत्सवात किशोरवयीनांच्या विभागात त्याला मुख्य पारितोषिक मिळालं. या मुलांच्या बोलण्यात युद्धाइतकंच प्रेम, आईबाप आणि घरातली एखादी वस्तू असते. वस्तूपासून सुरुवात करणं ही या कामातली जुनी युक्ती आहे. 'तुझ्यावर काय प्रसंग आला' असं विचारलं की माणूस बातमीदाराला सांगून सांगून पाठ झालेलं उत्तर देतो. 'निघताना पिशवीत काय घातलंस' असं विचारलं की तो आठवू लागतो.

मुलाखतीनंतरचं काम चिकाटीचं. ध्वनिमुद्रण दोन यंत्रांवर करतात, कारण तळघरात जनित्राच्या घरघरीत एक हमखास वाया जातं. तासाभराचं बोलणं उतरवायला चार ते सहा तास लागतात, कारण 'अं', अर्धवट सोडलेली वाक्यं आणि विराम, सगळं लिहायचं असतं. दहा मिनिटांच्या स्वगताला साधारण बाराशे शब्द पुरतात, म्हणजे बहुतेक मजकूर गाळला जातो. कात्रीचा नियम असा की शब्द गाळता येतात, क्रम बदलता येतो, पण नवा शब्द घालता येत नाही. नवशिके इथेच घसरतात: दोन तुकड्यांमध्ये सांधा बसावा म्हणून एखादं 'त्यामुळे' घालतात आणि बोलणाऱ्याने कधीच न जोडलेली कारणं जुळून जातात. दुसरी चूक विराम काढून टाकण्याची. विराम गेले की साक्ष भाषणासारखी ऐकू येते. उतरवलेली संहिता प्रयोगाआधी बोलणाऱ्याला वाचून दाखवून पुन्हा संमती घ्यावी लागते. मुलाखतीच्या दिवशी दिलेला होकार पुरत नाही. सहा महिन्यांनी त्याचा भाऊ रशियाच्या ताब्यातल्या प्रदेशात अडकलेला असू शकतो.

कुणाची साक्ष घ्यायची हा वेगळा वाद. २०१४ नंतरच्या वर्षांत कीवच्या एका छोट्या रंगमंचावर फुटीरतावाद्यांच्या बाजूने लढलेल्या माणसाच्या बोलण्यावर बेतलेला प्रयोग झाला आणि शत्रूला व्यासपीठ दिल्याची टीका त्यावर झाली. २०२२ नंतर असा प्रयोग होण्याची शक्यताच उरली नाही, त्यामुळे तो वाद न सुटताच मागे पडला.

भाषेचा तिढा मात्र मागे पडलेला नाही. पूर्वेकडच्या माणसांची २०१४-१५ मधली ध्वनिमुद्रणं प्रामुख्याने रशियनमध्ये किंवा 'सुर्झिक'मध्ये आहेत. सुर्झिक म्हणजे युक्रेनी-रशियन मिश्र बोली. मूळ शब्दाचा अर्थ मिसळलेल्या धान्याचं पीठ. आपल्या सीमाभागात एकाच वाक्यात मराठी आणि कन्नड येतं, ते ज्याने ऐकलंय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. शब्दशः नाटकाचा नियम पाळायचा तर ही भाषा ठेवायला हवी. पण ज्या भाषेच्या 'रक्षणा'चं कारण देऊन सैन्य घुसलं, तीच भाषा पीडितांच्या तोंडी रंगमंचावर ऐकवायची का? आणि बदलायची, तर मग 'शब्दशः' कशाला म्हणायचं?

यावर चार वाटा चोखाळल्या गेल्या. मूळ भाषा ठेवून वर पडद्यावर उपशीर्षकं देणं. सगळं युक्रेनीत आणणं. साक्षीदाराचं बोलणं युक्रेनीत आणून नाक्यावरच्या सैनिकाचं वाक्य तेवढं रशियनमध्ये ठेवणं. किंवा सुर्झिकच रंगमंचाची भाषा म्हणून स्वीकारणं. तिसरी वाट दिसायला सोयीची, पण ती खोटं बोलते: ती भाषेवरून बाजू ठरवते, आणि खार्कीव किंवा मारियुपोलच्या माणसाने घरात, आईशी, मुलांशी आयुष्यभर रशियनच बोलल्याची गोष्ट पुसून टाकते. चौथी वाट कानाला सर्वांत खरी वाटते. पण तिच्यात धोका असा की नटाने जरा उच्चार रंगवला की प्रेक्षागृहात हशा पिकतो, कारण सुर्झिक दशकानुदशकं विनोदी पात्रांच्याच तोंडी असायची.

कायद्याने या वादाला एक चौकट दिली. २०१९ चा राज्यभाषा कायदा १६ जुलै २०१९ पासून लागू झाला आणि त्यातली नाट्यप्रयोगांविषयीची तरतूद १६ जुलै २०२१ पासून. सरकारी किंवा नगरपालिकांच्या नाट्यगृहात प्रयोग अन्य भाषेत असेल तर युक्रेनी भाषांतर उपशीर्षकांतून, ध्वनीतून किंवा अन्य मार्गाने सोबत हवं. म्हणजे मूळ भाषा ठेवण्यावर बंदी नव्हती. पण साक्षीच्या नाटकाला उपशीर्षकं जाचतात. उपशीर्षकांना बांधीव मजकूर लागतो आणि साक्षीदार नट नसतो. तो आज एक वाक्य आधी बोलतो, उद्या गाळतो. पडदा चालवणारा मागे पडला की प्रेक्षक पडद्यावर वाचत राहतात आणि समोर रडणारा माणूस त्यांच्या नजरेतून निसटतो. त्यावर उपाय म्हणजे पूर्ण वाक्याऐवजी आशय देणारी, जास्तीत जास्त दोन ओळींची उपशीर्षकं, आणि पडदा चालवणारा तालमींना बसलेला.

२४ फेब्रुवारी २०२२ नंतर हिशेब आणखी बदलला. कित्येक रशियनभाषक लेखक आणि नट स्वतःहून युक्रेनीकडे वळले, साक्षीदारही वळले. ज्याने २०१५ मध्ये रशियनमध्ये मुलाखत दिली त्याला आज ती त्या भाषेत ऐकवायची नसेल, तर कुणाचा शब्द प्रमाण? ध्वनिफितीतल्या माणसाचा की समोर बसलेल्या माणसाचा? आमच्या मते समोरच्याचा. फक्त कार्यक्रमपत्रिकेत 'मूळ ध्वनिमुद्रण रशियन' एवढी ओळ छापायला हवी.

एकाच शब्दात हा तिढा बघायचा तर 'प्रिल्योत' घ्या. मूळ अर्थ विमानाचं आगमन. २०२२ नंतर नागरी विमानं बंद झाली आणि क्षेपणास्त्र किंवा ड्रोन येऊन आदळलं की लोक म्हणू लागले, प्रिल्योत झाला. शब्द रशियन वळणाचा. शुद्ध युक्रेनी रूप 'प्रिलित', आणि सरकारी निवेदनांत येतो तो 'व्लुचान्या', म्हणजे अचूक लागणं. भाषाशुद्धीचा आग्रह धरणारे संहितेत 'व्लुचान्या' सुचवतात. पण पहाटे चार वाजता खिडकीची काच अंगावर आलेली बाई 'व्लुचान्या' म्हणत नाही. तिच्या तोंडी तो घातला की ती अहवाल वाचून दाखवते आहे असं वाटतं.

मोठ्या आक्रमणाने प्रयोगाची व्यवस्थाही पालटली. नाटककारांनी मिळून कीवमध्ये उभारलेल्या एका नव्या रंगमंचाचं उद्घाटन मार्च २०२२ मध्ये ठरलं होतं. ते पुढे ढकलावं लागलं. त्याच महिन्यात, १६ मार्चला, मारियुपोलच्या नाट्यगृहावर बॉम्ब पडला. आत शेकडो लोक आसऱ्याला होते आणि बाहेर जमिनीवर मोठ्या अक्षरांत रशियनमध्ये 'मुलं' असं लिहिलेलं होतं. मृतांच्या आकड्यांत प्रचंड तफावत आहे: एका मानवाधिकार संघटनेने किमान १२ म्हटले, एका वृत्तसंस्थेने सुमारे ६००. तिथून वाचलेल्या नटांनी पुढे पश्चिम टोकाच्या उझहोरोदमध्ये त्याच दिवसांवरचं नाटक केलं, स्वतःच्याच भूमिकांत.

आता तिकिटं किती विकायची हे खुर्च्यांपेक्षा आसऱ्याच्या जागेत किती माणसं मावतात यावर ठरतं. भोंगा वाजला की प्रयोग थांबतो, सगळे खाली जातात. साधारण तासाभरात इशारा उठला तर पुढे चालू, नाहीतर त्याच तिकिटावर दुसरी तारीख. संचारबंदीमुळे पडदा लवकर उघडतो, कारण प्रेक्षकांबरोबर नटांनाही घर गाठायचं असतं. ऑक्टोबर २०२२ पासून वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाल्यावर प्रकाशयोजना जनित्राला पेलेल एवढीच ठेवणं आलं. खार्कीवमध्ये तर प्रयोग जमिनीखालीच. यात संहितेचंही गणित आहे: दीड तासाचं, मध्यंतर नसलेलं आणि कुठल्याही प्रवेशापाशी तोडून पुन्हा जोडता येईल असं नाटक टिकतं. सुटी स्वगतं एकापुढे एक ठेवण्याचं वर्बॅटिमचं जुनं रूप त्यासाठी आयतंच हाताशी होतं.

गाळण्याचे नियमही कडक झाले. लष्करी माहिती जाहीर करण्यावर मार्च २०२२ पासून निर्बंध आहेत. त्यामुळे तुकडीचा क्रमांक, ठिकाण, हल्ल्याची नेमकी वेळ संहितेतून जाते. ताब्यातल्या गावांत नातलग असलेल्यांची नावं, व्यवसाय, कधी कधी मुलांची संख्याही बदलतात. बदल केला हे प्रेक्षकांना सांगायचं की नाही, यावर एकमत नाही.

२०२४ मध्ये कीवमध्ये माजी सैनिकांचा रंगमंच सुरू झाला. तिथे परतलेले सैनिक आणि त्यांच्या घरची माणसं काही महिने नाट्यलेखन शिकतात आणि स्वतःच नाटक लिहितात. मुलाखत घेणारा आणि ध्वनिफीत दोन्ही गळून पडतात. 'प्रिल्योत' ठेवायचा की काढायचा, हे लिहिणाराच ठरवतो.