पंचवीस सीसीची रेघ

जाड टायरची स्वस्तातली क्रूझर सायकल घ्यायची, तिच्या नळ्यांच्या त्रिकोणात चिनी टू-स्ट्रोक किट बसवायचं आणि रंकाळ्याला फेरी मारून यायची, हा उद्योग करणारी पोरं कोल्हापुरात अधूनमधून भेटतात. किट 48 सीसीचं असतं, नाहीतर 80 सीसी म्हणून खपवलेलं आणि मोजलं तर 66च्या आसपास भरणारं.

कल्पना जुनीच. अमेरिकेत 1933च्या सुमारास बलून टायरच्या सायकली आल्या आणि 1939 मध्ये त्यांना जोडायला 138 सीसीचं व्हिझर इंजिन बाजारात आलं. युद्धानंतर इटलीत 48 सीसीचं कुचोलो, फ्रान्समध्ये 1946 ची इंजिन लावलेली सायकल सोलेक्स. आपल्याकडे हे सगळं घराघरात पोचलं ते 1972 मध्ये आलेली लुना बनून. 50 सीसी, पायडल असलेली, चढ आला की पाय मारायला लावणारी. इतकी रुळली की दुसऱ्या कुठल्याही मोपेडला लोक लुनाच म्हणू लागले. तयार गाडी मिळत असताना घरी खटाटोप कोण करणार?

कसबाची वानवा कोल्हापुरात कधीच नव्हती. शेतीच्या पंपांसाठी ऑइल इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग करत शिवाजी उद्यमनगर वाढलं. ज्या गल्लीत क्रँकशाफ्ट घासून मिळतो, तिथे सायकलच्या नळीच्या मापाचा क्लॅम्प लेथवर काढून घेणं म्हणजे चहा होईपर्यंतचं काम. घोडं अडलं ते कागदावर.

1988च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ कशाला म्हणायचं नाही, तेही लिहिलं आहे. चारपेक्षा कमी चाकं आणि ठरलेल्या मापाच्या आतलं इंजिन असलं, तर ते मोटार वाहन नाही. म्हणजे नोंदणी नको, लायसन नको. हे माप मूळ कायद्यात 35 सीसी होतं. 1994च्या दुरुस्तीत ते 25 वर आणलं गेलं. वाचताना फरक दहाचाच वाटतो, पण घरी जोडाजोड करणाऱ्यासाठी तो सगळा खेळच बदलणारा होता. 35च्या आत बरंच काही बसत होतं. शेतकऱ्याच्या पाठीवरच्या फवारणी पंपाचं इंजिन घ्या. सहज मिळणारं, हलकं, सायकलला ताण न देणारं. पण त्यातली बरीच इंजिनं 26 सीसी म्हणून विकली जातात. एका सीसीनं सायकल ‘वाहन’ होते! मग नंबरप्लेट हवी, विमा हवा, आणि घरी बनवलेल्या गाडीला नंबर मिळवणं जवळपास अशक्य. 25च्या आत नेमकं बसणारं होंडाचं जीएक्स-25 चार-स्ट्रोक आहे, पण पन्हाळ्याच्या चढाला त्याच्या जोडीला पायडल मारावंच लागेल. 48 किंवा 66 सीसीच्या किटबद्दल तर बोलायलाच नको. ‘पन्नासच्या आत सगळं चालतं’ हा समज पुसायला हवा. कायद्यात पन्नास सीसीला सवलत आहे ती वयाची, सोळाव्या वर्षी लायसन मिळण्यापुरती.

या दुरुस्तीची बाजू घ्यायचीच तर एवढं म्हणता येईल की ब्रेक नसलेली सायकल पेट्रोलवर पळू नये. ते बरोबरच आहे. क्रूझरला बऱ्याचदा मागे पायडल उलटं फिरवून लागणारा ब्रेक तेवढा असतो, पुढे काहीच नसतं. शिवाय किटचं मागचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, डाव्या बाजूला, स्पोकना रबर लावून आवळायचं असतं आणि त्या ब्रेकचा दांडा नेमका तिथेच आडवा येतो. दांडा वाकवणारे भेटतात, पुढे ब्रेक लावून घेणारे कमी. पण हा प्रश्न ब्रेकचा आहे. सीसी मोजून तो सुटत नाही.

बॅटरीवर चालणाऱ्या सायकलला मात्र वेगळी फूटपट्टी लागली. 2005च्या नियमानुसार मोटर 250 वॉटच्या आत, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत असेल, तर ते मोटार वाहन नाही. इथे ताकद आणि वेग मोजला जातो, पेट्रोलला मात्र सिलिंडरचं पोट. अर्थात ही सूट तपासणी करून मंजूर झालेल्या मॉडेलला आहे, घरी चाकाच्या मधोमध बसवलेल्या हब मोटरला ती आपोआप लागू होत नाही. तरी हौशी पोरं तिकडेच वळली आहेत. लेथवाल्याकडे क्लॅम्प मागायला येणारा आता बॅटरीच्या डब्याचं माप घेऊन येतो.