सिंहगड घड्याळात रोज वेगळा का भरतो?

सिंहगड समुद्रसपाटीपासून साधारण 1,312 मीटर उंच आहे. सकाळी दहाला माथ्यावर घड्याळात हाच आकडा लावला आणि घड्याळ तिथेच राहिलं, तर पिठलं-भाकरी, दही आटोपून दुपारचे चार वाजेपर्यंत गड तीसेक मीटर वाढलेला दिसतो. घड्याळ बिघडलेलं नसतं.

ट्रेकिंगच्या बहुतेक स्मार्टवॉचमध्ये उंचीसाठी दाबमापक असतो. त्यातला सिलिकॉनचा बारीक पडदा हवेच्या दाबाने वाकतो आणि त्यावरून घड्याळ उंचीचं गणित मांडतं. पुण्याच्या आसपास नऊ मीटर चढलं की दाब सुमारे 1 हेक्टोपास्कलने (हवेचा दाब मोजायचं एकक) उतरतो. पडदा इतका तरबेज, की जिन्याचा एक मजलाही सुटत नाही. पण दाब चढल्यामुळे उतरला की हवामानामुळे, हे त्याला कळत नाही.

आणि हवामान तर रोज बदलतं. सूर्याच्या उष्णतेमुळे वातावरणालाही दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येते. सकाळ-रात्री दहाच्या सुमारास दाब चढलेला, पहाटे-दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. विषुववृत्ताच्या जवळ हा फरक ठळक असतो; पुण्यात दहा ते चार या वेळात तीन-चार हेक्टोपास्कल सहज उतरतात. त्यांना नऊने गुणा, गडाची वाढलेली उंची मिळेल. ऋतूंचा फरक याहून मोठा. जानेवारीच्या मानाने जुलैत दाब आठ-दहा हेक्टोपास्कल कमी, म्हणजे हिवाळ्यात लावलेलं घड्याळ पावसाळ्यात सत्तर-नव्वद मीटर चुकणार.

म्हणून चढाई सुरू करण्याआधी उंची लावून घ्यायची. सेटिंगमध्ये अल्टिमीटर (उंचीमापक), त्यात कॅलिब्रेट, म्हणजे आकडा जुळवणं. जीपीएसवरून लावायची तर सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीत झाडाखाली किंवा कड्याला चिकटून नको. उघड्यावर तीन-चार मिनिटं थांबा. तरीही जीपीएसची उंची त्याच्या आडव्या जागेपेक्षा कच्चीच असते, कारण उपग्रह फक्त डोक्यावर असतात, पायाखाली एकही नाही. माहीत असलेला आकडा हाताने घालणं सगळ्यांत उत्तम. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. लोणावळ्याला उतरून चढाईला निघणाऱ्यांनी तिथेच काम उरकावं.

एवढं करूनही एप्रिल-मेमध्ये चढाई कमी भरते. घड्याळाचं सूत्र समुद्रसपाटीला 15 अंश आणि वर त्याहून थंड हवा धरून चालतं. तापलेली हवा विरळ असते, तिच्यातून तेवढंच चढलं तरी दाब कमी उतरतो. दर तीन अंशांमागे साधारण एक टक्का. वीसेक अंश जास्त असतील तर सहाशे मीटरची चढाई साडेपाचशेच्या आसपास दिसते. घड्याळाने ही चूक स्वतः सुधारावी, तर मनगटाच्या उबेमुळे त्याचा थर्मामीटरही भरवशाचा नाही. हवेचं खरं तापमान हवं असेल तर घड्याळ काढून सावलीत वीस-तीस मिनिटं टांगा.

मुक्कामी असाल तर मोड बदलायला विसरू नका. चालताना अल्टिमीटर, तंबूत बॅरोमीटर, म्हणजे दाबाचा बदल हवामानाचा धरणारा मोड. नाहीतर रात्रीत दाब घसरला तरी घड्याळ समजणार, की तुम्ही झोपेत डोंगर चढलात. दाब झपाट्याने घसरला की घड्याळ वादळाची सूचना देतं; तिची मर्यादा तीन तासांत 4 हेक्टोपास्कलच्या आसपास ठेवा. 2 वर ठेवलीत तर नेहमीच्या ओहोटीनेच दुपारी घड्याळ बोंबलेल. बाकी मे महिन्यातल्या वळवाच्या पावसावर या सूचनेचा फारसा उपयोग नाही. दाब तासन्‌तास घसरत नाही. उलट ढगाखालचा गार वारा येऊन थडकला की तो झटकन चढतोसुद्धा.

राहिली ती घड्याळाच्या कडेची बारीक भोकं. दाब आत पोचायचा तो त्यांतूनच. घामाचं मीठ, सनस्क्रीन, पावसाळ्यातला चिखल तिथे बसला, की उंची एका आकड्यावर अडते किंवा उड्या मारते. पाण्याचा थेंब अडकला तरी तेच होतं, पण तो वाळला की घड्याळ ताळ्यावर येतं. मळ असेल तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून घड्याळ थोडा वेळ बुडवा, साध्या पाण्याने धुवा आणि भोकं खाली करून वाळू द्या. टाचणी आत घालायची नाही.