काळ्या रेघेआधीचं शिसं

विदर्भातल्या खेड्यातल्या कुठल्याही शाळेत तान्ह्या पोळ्याचा नंदी काढायला सांगा. पोरं आधी काळ्या स्केचपेनने रेघ ओढतात, मग आत रंग भरतात. आम्ही चित्रकलेचे मास्तर लगेच टोकतो. पण फ्रेंच चित्रकार जॉर्ज रुओ यांचं सगळं नाव अशाच जाड काळ्या रेघेवर उभं आहे, आणि तिचं मूळ चित्रशाळेत नाही, काचेच्या कारखान्यात आहे.

रुओ १८७१ साली पॅरिसच्या कामगार वस्तीत जन्मले. वडील लाकूडकामाचे कारागीर. चौदाव्या वर्षी पोरगा रंगीत काचेच्या खिडक्या करणाऱ्यांकडे उमेदवारीला लागला. भट्टीवर लक्ष ठेवायचं, दुरुस्तीला आलेल्या जुन्या खिडक्यांतून निखळलेले तुकडे निवडायचे, अशी कामं. संध्याकाळी चित्रकलेचा वर्ग.

चर्चची अशी खिडकी म्हणजे एका मोठ्या काचेवर काढलेलं चित्र नव्हे. काच तयार होतानाच तिच्यात रंग उतरवतात: कोबाल्टने निळा, तांब्याने लाल. आराखड्याबरहुकूम तुकडे कापायचे, दोन्ही अंगांना खाच असलेल्या शिशाच्या पट्टीत बसवायचे, सांध्यांना डाख द्यायचा. शिसं मऊ, हवं तसं वळतं. नाक-डोळे, कपड्यांच्या चुण्या तेवढ्या गडद रंगाने काढून भट्टीत पक्क्या करायच्या. उजेड काचेतून येतो, शिशातून येत नाही, म्हणून आतून पाहताना पट्टी काळीच दिसते. आपल्या आकाशकंदिलात जिलेटीन कागदाला कामट्या धरून ठेवतात, तेच हे काम. ही काळी रेघ हौसेची नाही. ती काढून टाकली तर खिडकीच उभी राहणार नाही.

१८९०च्या सुमारास कारखाना सोडून रुओ पॅरिसच्या 'एकोल दे बोझार' या कलाशाळेत गेले. तिथे ग्यूस्ताव मोरो त्यांचे गुरू. चित्रकार आंरी मातीसही मोरोंच्याच हाताखाली शिकले. काच सुटली आणि काळी रेघ लगेच कॅनव्हासवर आली, असं मात्र घडलं नाही. सुरुवातीची चित्रं जुने डच चित्रकार रेम्ब्रां यांच्या वळणाची, अंधारलेली, बायबलातल्या प्रसंगांची. मोरो १८९८ साली वारले. त्यानंतर काही वर्षांनी विदूषक, वेश्या, न्यायाधीश चित्रांत आले, आणि त्यांच्याबरोबर ती रेघ. मधली इतकी वर्षं पाहता मला ती हाताची जुनी सवय वाटत नाही. कॅनव्हासवर काहीच कोसळणार नव्हतं, तरी त्यांनी ती घेतली.

'म्हातारा राजा' हे त्यांचं चित्र १९१६ ते १९३६ असं वीस वर्षं चाललं. थरावर थर चढलेला रंग, आणि काळ्या रेघांच्या आत पेटलेला लाल.

उतारवयात फ्रेंच आल्प्समधल्या आसी गावच्या चर्चसाठी त्यांच्या चित्रांवरून खिडक्या झाल्या. काचकाम पॉल बोनी यांनी केलं. १९५८ साली रुओ गेले, तेव्हा फ्रान्सने त्यांना सरकारी इतमामात निरोप दिला.