अलिबागच्या आलेखावरची थरथर

अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची नोंद करणारी रेघ शांतपणे चाललेली असते आणि एखाद्या दिवशी अचानक उडी मारते. उडी वीस-तीस नॅनोटेस्लांची (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). तिथल्या सुमारे 38,000 नॅनोटेस्लांच्या आडव्या क्षेत्रापुढे ती किरकोळच. पण कधीकधी त्यानंतर रेघ ठेक्यात थरथरत राहते. हीच भूचुंबकीय स्पंदनं. 1859 च्या चुंबकीय महावादळात लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत बाल्फोर स्ट्युअर्ट यांनी ती टिपली होती.

सूर्याकडून प्रोटॉन-इलेक्ट्रॉनांचा वारा सेकंदाला साधारण 400 किलोमीटर वेगाने सतत येत असतो. तो इतका विरळ, की पृथ्वीजवळ घनसेंटीमीटरमागे जेमतेम पाच-दहा कण. तरीही त्याच्या दाबाने चुंबकावरणाची, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अंमल चालतो त्या प्रदेशाची, सूर्याकडची हद्द पृथ्वीच्या दहाएक त्रिज्यांवरच अडते. सौरवारा एकाएकी दाट किंवा वेगवान झाला की हद्द आत दबते आणि इथे रेघ उडते.

धक्क्याने आतल्या चुंबकीय बलरेषाही हलतात. त्यांची दोन्ही टोकं आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात रोवलेली, त्यामुळे तंबोऱ्याच्या तारेसारखा प्रत्येकीचा सूर ठरलेला. रेषा लांब असेल, तिच्यावरचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, जड असेल तर सूर खालचा. जेम्स डंगी यांनी 1954 मध्ये हे गणित मांडलं. त्याचा फायदा असा, की जमिनीवर बसून सूर मोजायचा आणि हजारो किलोमीटर वरचा प्लाझ्मा किती जड आहे ते सांगायचं! मला तरी हे उपग्रह सोडण्याइतकंच थक्क करणारं वाटतं.

दरवेळी धक्काच लागतो असं नाही. वारा चुंबकावरणाच्या कडांना घासत जातो तेव्हा तिथे लाटा उठतात. त्यांची स्पंदनं मिनिटामिनिटांची, ध्रुवांकडे जोरदार. पृथ्वीसमोर जिथे वारा अडून एकदम मंदावतो त्या आघातसीमेवरून काही प्रोटॉन उलटे परततात, त्यांच्यामुळेही लाटा तयार होतात. वाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र पाच नॅनोटेस्ला असेल तर या लाटांचा ठेका साधारण अर्ध्या मिनिटाचा. क्षेत्र वाढलं की ठेका जलद.

अलिबागला स्पंदनं बऱ्याचदा एखाद्या नॅनोटेस्लाचीच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय नोंदी कुलाब्याहून तिकडे हलवल्या, ते बरंच झालं. ट्रामच्या प्रवाहात ही थरथर बुडाली असती. मिनिटामिनिटांच्या मंद लाटांवर मात्र उपग्रहवाल्यांचं बारीक लक्ष असतं, कारण पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यांत अडकलेल्या वेगवान इलेक्ट्रॉनांना त्या पृथ्वीकडे ढकलून आणखी ऊर्जा देऊ शकतात, आणि असे इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या आत शिरून त्याची यंत्रणा बिघडवतात.