टपाल चालवणारी सही आणि टपालावरची सही

दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवा. एकावर थॉमस जेफर्सन यांची सही, दुसऱ्यावर रिचर्ड निक्सन यांची. दोघेही अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष, दोन्ही सह्या अस्सल, दोन्ही पाकिटांवर टपाल खात्याची खूण. नवा संग्राहक दोन्हींना ‘राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं पाकीट’ म्हणतो आणि इथेच फसतो. जेफर्सन यांचं पाकीट म्हणजे फ्री फ्रँक. निक्सन यांचं म्हणजे सही केलेलं कव्हर. पहिल्यावर सहीनेच टपालखर्च भागवला. दुसऱ्यावर तो तिकिटाने भागवला, आणि सही पुढे कधीतरी कुणाच्या तरी विनंतीवरून झाली.

जेफर्सन यांचं निवृत्तीनंतरचं एखादं फ्रँक जवळून पाहू. त्याला पाकीट म्हणणं खरं तर चूकच आहे, कारण ते पाकीट नसतंच. पत्र ज्या कागदावर लिहिलं, तोच घडी घालून, लाखेने बंद करून बाहेरच्या बाजूला पत्ता लिहिलेला असतो. त्या काळी टपालाचा दर कागदांच्या संख्येवर आणि अंतरावर ठरायचा. १८१६ पासून ४०० मैलांपलीकडे एका कागदाला २५ सेंट पडत. वेगळं पाकीट वापरलं की ते दुसरा कागद म्हणून मोजलं जाई आणि दर दुप्पट होई. मग पाकीट कोण वापरणार? पत्त्याच्या वर, उजव्या कोपऱ्यात, जेफर्सन यांच्या हातचं बारीक ‘फ्री’ आणि पुढे त्यांची ती खास सही: थॉमसचा ‘टीएच’, मग दोन टिंबं, मग आडनाव. शाई मुळात काळी, आता तपकिरी झालेली. डावीकडे माँटिसेलोजवळच्या मिल्टन या गावाचं नाव आणि तारीख, तीही पोस्टमास्तरने हाताने लिहिलेली. तिकीट नाही, कारण अमेरिकेत तिकिटं आली १८४७ मध्ये.

आपल्याकडे जुन्या माणसांना ‘नॉटपेड’ पत्र ठाऊक आहे, ज्याचे पैसे पत्र घेणाऱ्याने मोजायचे. त्या काळच्या अमेरिकेत बहुतेक टपाल तसंच चाले. म्हणून फ्रँकचा फायदा फक्त पाठवणाऱ्याला नव्हता. जेफर्सन यांचं पत्र दारात आलं तर घेणाऱ्याला खिशात हात घालावा लागत नसे. ही सवलत त्यांना पद सोडल्यावर काँग्रेसने कायदा करून दिली होती, आणि तिची गरजही होती. १८२२ मध्ये त्यांनी जॉन अ‍ॅडम्स यांना कळवलं होतं की एका वर्षात आलेली पत्रं मोजली तर १,२६७ भरली, आणि त्यातल्या बऱ्याच पत्रांना अभ्यास करून उत्तर द्यावं लागत होतं. त्या उत्तरांच्या कोपऱ्यातली सही म्हणजे थकलेल्या म्हाताऱ्या हाताने केलेलं रोजचं काम आहे. मला ती म्हणूनच प्रिय आहे. कुणाच्या संग्रहात जावी म्हणून ती केलेली नाही.

ही पद्धत ब्रिटिश पार्लमेंटकडून आली. १७७५ मध्ये कॉन्टिनेंटल काँग्रेसने ती उचलली आणि १७८९ मध्ये नव्या राज्यघटनेखालच्या काँग्रेसने ती चालू ठेवली. जॉर्ज वॉशिंग्टन वारल्यावर, ३ एप्रिल १८०० रोजी, त्यांच्या पत्नी मार्था यांनाही हा हक्क मिळाला. पुढे अनेक राष्ट्राध्यक्षांच्या विधवांना तो मिळत गेला. १ जुलै १८७३ ला मात्र जुनी फ्रँकिंगची मुभा बंद झाली आणि सरकारी खात्यांसाठी वेगळी तिकिटं निघाली. राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयासाठी किरमिजी रंगाची पाच तिकिटं होती. आपल्या ‘सर्व्हिस’ तिकिटांसारखाच हा प्रकार.

आता दुसरं पाकीट. ९ सप्टेंबर १९६९ चं फर्स्ट डे कव्हर समजा, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवशीचा शिक्का असलेलं पाकीट. दहा सेंटचं एअरमेल तिकीट, चंद्रावर पाऊल ठेवणारा अंतराळवीर, आणि ज्या मूळ साच्यावरून हे तिकीट छापलं तो साचा अपोलो ११ मधून चंद्रावर जाऊन आलेला. अशा कव्हरवर निक्सन यांची सही असली तर कुणाचंही मन जाईल, त्यात वावगं काही नाही. पण ती सही १९६९ ची की १९८९ ची, हे पाकीट सांगत नाही. शिक्क्यावरची तारीख तिकिटाची आहे, सहीची नाही. सही मधोमध असेल, चित्रावर असेल, तिकिटाखाली असेल, जिथे मोकळी जागा मिळाली तिथे असेल. ती नसती तरी पाकीट तसंच गेलं असतं.

भिंग हाती घ्या आणि सही व शिक्का एकमेकांवरून जातात ती जागा शोधा. फ्रँकमध्ये सही आधी होते, मग पत्र टपालात पडतं, मग शिक्का बसतो. म्हणून शिक्क्याची शाई वर असायला हवी. सही केलेल्या कव्हरवर बहुतेक वेळा उलट दिसतं. शाया जुन्या झाल्या की हे ओळखणं कठीण जातं, तरी मी आधी तिथेच पाहतो.

दुसरी खूण माझ्या मते याहून भरवशाची आहे. तिकिटाआधीच्या काळातली साधी घडीची पत्रं आजही भरपूर आणि स्वस्त मिळतात, आणि नकली सह्या करणाऱ्यांना नेमका तोच कागद हवा असतो. एकोणिसाव्या शतकातला रॉबर्ट स्प्रिंग वॉशिंग्टन यांच्या सह्या करायचा, विसाव्यातला जोसेफ कोझी लिंकन यांच्या. जुन्या पत्राच्या कोपऱ्यात ‘फ्री’ आणि एक नाव लिहिलं की झालं. पण त्याच पत्रावर पोस्टमास्तरने ‘२५’ किंवा ‘पेड’ असं लिहिलं असेल, तर मग फ्रँक कशाचं? पैसे घेतलेलं पत्र फुकट गेलेलं नसतं. सहीकडे पाहण्याआधी पोस्टमास्तरचा आकडा वाचा.

तारीखही तितकीच बोलकी असते. लिंकन १८४७ ते १८४९ काँग्रेसमध्ये होते. तेव्हाच्या फ्रँकवर त्यांच्या सहीपुढे ‘एम. सी.’ येतं, म्हणजे मेंबर ऑफ काँग्रेस. ती सही पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाची आहे, राष्ट्राध्यक्षांची नाही. १८६१ नंतरचं व्हाइट हाउसमधलं फ्रँक ही वेगळी गोष्ट. त्या वर्षांत साध्या पत्राला तीन सेंटचं तिकीट लागे, आणि लिंकन यांची सही त्या तीन सेंटांच्या जागी बसली. दोन्हींत हात एकच, पण हक्क वेगळा. विकणाऱ्याने हे सांगितलं नाही तर आपण विचारावं.

सगळ्यात जास्त गोंधळ विसाव्या शतकातल्या माजी राष्ट्राध्यक्षांच्या पाकिटांनी होतो. १८७३ ला बंद झालेली मुभा पुढे काही जणांना परत मिळाली, आणि माजी राष्ट्राध्यक्षांना व त्यांच्या पश्चात हयात जोडीदाराला राजकीय नसलेलं टपाल देशात फुकट पाठवण्याचा हक्क आहे. म्हणून तिकिटाच्या जागी सही दिसते. पण ती पुष्कळदा छापलेली असते! केनेडी यांच्या हत्येनंतर जॅकलिन केनेडी यांनी पाठवलेल्या आभाराच्या पाकिटांवर त्यांची सही अशीच छापील आहे. ते फ्रँक आहे, पण सही नाही. आणि कधी संग्राहकाने पाठवलेल्या कोऱ्या पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात माजी राष्ट्राध्यक्षांनी खरोखर हाताने सही करून दिलेली असते. ती सही आहे, पण तिने दुसऱ्याचं टपाल चालवता येत नाही. आपला फ्रँक दुसऱ्याला वापरू देण्यास कायद्याने बंदी आहे.

एका ठिकाणी मी नमतं घेतो. फ्रँकलिन रूझवेल्ट स्वतः पक्के तिकीटवेडे होते. १९३३ च्या अंटार्क्टिक मोहिमेच्या तीन सेंटच्या तिकिटाचं कच्चं चित्र त्यांनी स्वतः काढलं होतं. त्या तिकिटाच्या कव्हरवर त्यांची सही असेल, तर ती नुसती आठवणीची सही म्हणून बाजूला टाकायला माझं मन धजत नाही.

आणि एक गोष्ट पाहून आजही पोटात कालवतं. फक्त सह्या जमवणाऱ्यांनी पूर्वी कात्री घेतली आणि घडीच्या पत्रांचे कोपरे कापून वहीत चिकटवले. असे बोटभर तुकडे आजही विकायला येतात: ‘फ्री’, खाली नाव, मागे गोंदाचे डाग. पत्ता गेला, गावाचं नाव गेलं, तारीख गेली, पोस्टमास्तरचा हात गेला. सही अस्सल असते, पण ती कुणाच्या दारात पत्र फुकट घेऊन गेली होती, हे आता कळायची सोय नाही.